मोनॅकोत ओव्हरटेक होत नाहीत, मग तिथे बघायचं तरी काय?

प्रश्न थोडक्यात असा: ‘२०२४ची मोनॅको ग्रांप्री पाहिली. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. ही शर्यत म्हणायची की वरात? पूर्वी तरी इथे खरी रेस व्हायची का? आणि शहराच्या रस्त्यावरच रेस घ्यायची तर आपल्या मरीन ड्राइव्हने काय घोडं मारलंय? कधी जायचंच झालं तर बसावं कुठे?’

तुमचा वैताग रास्त आहे. फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपद मालिकेत पहिल्या दहांचा क्रम असा जसाच्या तसा राहण्याची ती पहिलीच वेळ होती. मी बरीच वर्षं मोटरस्पोर्टमध्ये मार्शल म्हणून काम करतोय: पुण्या-नाशिककडच्या रॅली, कार्टिंगच्या स्पर्धा, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आणि अलीकडे आपल्याकडे सुरू झालेल्या शहरातल्या शर्यती. वळणावर झेंडे घेऊन उभा असतो तो मार्शल. गाडी आपटली की पहिला धावतो तोही तोच. तेव्हा मी सांगणार ते कठड्याच्या या बाजूने दिसतं तसं.

आधी ‘पूर्वी’बद्दल. १९९२ची शर्यत काढून बघा. नायजेल मॅन्सेलने त्या मोसमातल्या आधीच्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या, मोनॅकोतही सत्तर फेऱ्या तोच पुढे. मग चाकाचा नट सैल झाल्याच्या शंकेने त्याला पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या आणि दुरुस्तीच्या जागी, यावं लागलं आणि आयर्टन सेन्ना पाचेक सेकंदांनी पुढे निघून गेला. नवे टायर घातलेल्या मॅन्सेलने तो फरक बघता बघता खाऊन टाकला. शेवटच्या तीन फेऱ्या तो डावीकडून, उजवीकडून नाक खुपसत राहिला. सेन्नाचे टायर संपले होते, गाडीही हळू होती, पण त्याने दार काही उघडलं नाही. ०.२१५ सेकंदांनी तो जिंकला. मोनॅकोच्या उत्तम शर्यतींत आजही ही धरतात, आणि तीत रस्त्यावर पहिल्या नंबरासाठी एकही यशस्वी ओव्हरटेक नाही.

म्हणजे ओव्हरटेकचा दुष्काळ इथे जुनाच आहे. २०२४मध्ये नव्हता तो धाक. आता चुकेल, आता गाठेल, आता कठड्याला लागेल, ही धास्ती नसली की मोनॅकोची खरंच वरात होते. तो धाक आला कुठून आणि गेला कुठे, यातच बराचसा इतिहास येतो.

सुरुवात एका नकारापासून झाली. मोनॅको हा अख्खा देश दोन चौरस किलोमीटरचा. तिथल्या मोटर क्लबची मॉन्टे कार्लो रॅली १९११पासून चालू होती, पण तिच्यात गाड्या युरोपभरातून निघून मोनॅकोत पोचायच्या, रस्ते सगळे परक्यांचे. १९२५मध्ये क्लबने पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे राष्ट्रीय क्लबचा दर्जा मागितला. उत्तर आलं की स्वतःच्या हद्दीत होणारी एकही स्पर्धा तुमच्याकडे नाही. क्लबच्या अँटोनी नोगेसने हे मनाला लावून घेतलं. मोकळं मैदान नाही, शहराबाहेर जावं तर दुसरा देश. उरले ते शहरातलेच रस्ते. लुई शिरॉन हा मोनॅकोचाच नावाजलेला ड्रायव्हर, त्याच्याशी बोलून नोगेसने बंदरापासून कसिनोपर्यंत चढून पुन्हा खाली येणारी वाट ठरवली. राजे दुसरे लुई यांचा पाठिंबा मिळाला. रस्त्यावर शर्यत घेण्यात तेव्हा कुठली रोमँटिक कल्पना नव्हती. दुसरी जागाच नव्हती.

पहिली शर्यत १४ एप्रिल १९२९ला झाली. सोळा गाड्या, शंभर फेऱ्या, ३१८ किलोमीटर. कोण कुठून सुटणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. ‘विल्यम्स’ एवढ्याच नावाने उतरलेला विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स हिरव्या बुगाटीतून सुमारे चार तासांनी पहिला आला. सरासरी वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. मला त्या दिवशीचा खरा पराक्रम रुडॉल्फ कॅराचिओलाचा वाटतो. अवजड मर्सिडीज एसएसके, चिठ्ठीत आलेला पंधरावा क्रमांक, तरी तो आघाडीपर्यंत पोचला. मग पेट्रोल आणि टायरसाठी थांबला त्यात साडेचार मिनिटं गेली आणि तिसऱ्या नंबरावर समाधान मानावं लागलं. मोनॅकोत थांबण्याची किंमत काय असते ते पहिल्याच दिवशी कळलं. (विल्यम्सची पुढची कहाणी वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनचा गुप्तहेर म्हणून फ्रान्समध्ये काम करत होता. नाझींनी त्याला पकडलं आणि १९४५मध्ये साक्सनहाउझेनच्या छळछावणीत ठार मारलं.)

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं साल १९३३. त्या वर्षी मोनॅकोने चिठ्ठ्या बंद केल्या आणि सरावातल्या वेळेवरून ग्रिड, म्हणजे सुटायच्या रांगा, लावायला सुरुवात केली. ग्रांप्रीत असं आधी झालं नव्हतं. इतक्या अरुंद रस्त्यावर पुढे कोण उभं राहणार हे नशिबावर सोडणं त्यांनाच पटेना. तिथून मोनॅकोत शनिवारचं, म्हणजे ग्रिड ठरवणाऱ्या क्वालिफाइंगचं, वजन वाढत गेलं. ज्या वर्षी हा नियम आला त्याच वर्षी वार्झी आणि नुव्होलारी हे दोन ड्रायव्हर जवळपास शंभर फेऱ्या एकमेकांना मागे टाकत राहिले आणि शेवटच्या फेरीत नुव्होलारीच्या गाडीने दगा दिला. तेव्हा पूर्वी ओव्हरटेक कधीच होत नव्हते असंही नाही. गाड्या जितक्या बारीक तितकी फट मोठी.

आता रस्ता. ‘मोनॅकोचा रस्ता १९२९चाच आहे’ हे वाक्य निम्मं खरं आहे. सँ देव्होत या छोट्या चर्चजवळचं पहिलं वळण, तिथून कसिनोकडे जाणारा चढ, मग मिराबोचा उतार, ते यू आकाराचं वळण आणि पोर्तिएपाशी पुन्हा समुद्राला येणं, हा वरचा भाग जवळपास मूळचाच. खालची बाजू बरीच बदलली. १९७३मध्ये नव्या हॉटेलमुळे बोगदा लांबला आणि बंदराशेजारी पोहण्याच्या तलावाला वळसा घालणारा नवा तुकडा आला. १९८६मध्ये बोगद्यानंतरची शिकेन, म्हणजे वेग पाडायला लागोपाठ ठेवलेली उलटसुलट वळणं, हळू केली. २००३मध्ये समुद्रात भराव टाकून तलावाकडचा रस्ता आणखी सरकवला, आणि २००४मध्ये पिटची नवी इमारत उभी राहिली. आजची फेरी ३.३३७ किलोमीटरची, १९ वळणांची. शहर जसं सरकलं तसा रस्ता सरकला. त्या यू वळणाचं नावच बघा: आधी तिथे रेल्वे स्टेशन होतं म्हणून स्टेशनचं वळण, मग हॉटेल आलं म्हणून लोव्स, आता हॉटेलचं नाव बदललं म्हणून फेअरमाँट. आंबेनळी घाटात एसटी कशी रस्त्याची सगळी रुंदी घेऊन वळते, तशी तिथे फॉर्म्युला वनची गाडी वळते. ताशी पन्नासच्या आत-बाहेर, फॉर्म्युला वनमधलं सगळ्यात मंद वळण. त्यासाठी काही टीम नेहमीपेक्षा जास्त वळणारं स्टीअरिंग खास या शर्यतीसाठी बसवतात.

प्रेक्षक म्हणून तिथे गेलो तेव्हा संध्याकाळी रस्ता उघडल्यावर कसिनोचा चौक चालून पाहिला. चौकातून मिराबोकडे उतरताना डांबराला एक फुगवटा आहे. टीव्हीवर गाड्या तिथे अचानक उजवीकडे झुकतात, ते त्याला चुकवण्यासाठी. टीव्हीवर तो दिसतही नाही. पायाखाली आला की कळतं, आपल्याकडे याला लोक गतिरोधक म्हणतील. रस्त्यापासून पाच-सहा सेंटीमीटर वर चालणारी गाडी त्यावरून ताशी दोनशेच्या आसपास जाते. पर्मनंट सर्किटवर असा फुगवटा आठ दिवसांत खरवडून काढला असता. इथे तो सार्वजनिक रस्ता आहे, उद्या त्यावरून बस जायची आहे.

धाकाचा दुसरा झरा म्हणजे समुद्र, आणि नंतर आग. १९५०मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं त्या पहिल्याच मोसमात बंदरावरून आलेल्या लाटेने ताबाक नावाच्या वळणावर रस्ता ओला केला. पहिल्या फेरीतच गाड्यांचा ढीग झाला, निम्म्या गाड्या बाद. फँजिओ आघाडीवर होता, दुसऱ्या फेरीत तो तिथे वेग कमी करून पोचला आणि फट काढून गेला. तो नंतर सांगायचा की प्रेक्षकांचे चेहरे आपल्याकडे वळलेले नाहीत, सगळे पलीकडे बघतायत, हे पाहून शंका आली. ही गोष्ट मी नवीन मार्शलना आवर्जून सांगतो. ड्रायव्हरला वळणापलीकडचं दिसत नसतं. झेंडा त्याच्यासाठी तेच काम करतो जे त्या दिवशी चेहऱ्यांनी केलं.

१९५५मध्ये अल्बर्टो अस्कारी शिकेनमध्ये चुकला आणि लान्चियासकट थेट बंदरात गेला. पोहत वर आला, नाक मोडलं होतं एवढंच. चार दिवसांनी मोन्झाला साधी चाचणी घेताना तो गेला. १९६५मध्ये पॉल हॉकिन्सही असाच पाण्यात पडला आणि सुखरूप निघाला. मग १९६७. शंभरपैकी ८२व्या फेरीत लोरेन्झो बांदिनीची फेरारी त्याच शिकेनजवळ आपटून उलटली आणि पेटली. कडेला गवताच्या गासड्या रचलेल्या होत्या, त्यांनीही पेट घेतला. त्याला बाहेर काढायला मिनिटांमागून मिनिटं गेली. तीन दिवसांनी तो गेला.

आमच्या धंद्यात ही शर्यत अजून शिकवली जाते, कारण तिच्यानंतर बरंच बदललं. पुढच्या वर्षी फेऱ्या शंभरवरून ऐंशीवर आल्या. शेवटच्या वीस फेऱ्यांत थकलेला माणूस चुकतो हे मान्य झालं. १९६९पासून लोखंडी कठडे यायला लागले आणि थोड्या वर्षांत सगळा रस्ता कठड्यांमध्ये बंद झाला. आता ७८ फेऱ्या असतात, अंतर २६० किलोमीटर. इतर ग्रांप्रीला ३०५ किलोमीटरचा नियम आहे, मोनॅकोला सूट. कठड्यांनी माणसं वाचवली याबद्दल दुमत नाही. पण चूक सावरायला जी मोकळी जागा होती ती गेली. पूर्वी चुकलात तर फुटपाथ, गासड्या किंवा समुद्र. आता चुकलात तर लोखंड, आणि शर्यत तिथेच संपली. ड्रायव्हर मोनॅकोला मानतात ते यासाठी. कठड्यापासून किती सेंटीमीटरवरून गेलात यावर इथे वेळ ठरते, आणि ते अंतर प्रत्येकाला स्वतः शोधावं लागतं.

मग धाक गेला कुठे? माझ्या मते तीन कारणं आहेत, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं, गाडीचा आकार. १९६१मध्ये स्टर्लिंग मॉसने ज्या लोटसने मोनॅको जिंकली तिच्या वर्गाची वजनाची किमान मर्यादा ४५० किलो होती. २०२४च्या गाडीची ७९८. रुंदी दोन मीटर, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास. रस्ता मात्र तेवढाच. आता २०२६पासून नियमाने गाड्या आखूड केल्यात आणि दहा सेंटीमीटरने बारीकही. मदत होईल, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

मॉसची ती शर्यत मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेरारीच्या गाड्या निदान तीसेक अश्वशक्तीने जास्त ताकदवान. सुटायच्या थोडं आधी मॉसला आपल्या गाडीच्या सांगाड्याची एक नळी तडकलेली दिसली. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली. त्याचा मेकॅनिक आल्फ फ्रान्सिसने टाकीला ओले टॉवेल गुंडाळले आणि ग्रिडवरच वेल्डिंग केलं. आजच्या नियमात एवढ्यावरून मी ग्रिड रिकामा करायला लावला असता. उकाडा होईल म्हणून मॉसने गाडीच्या बाजूचे पत्रेही काढून टाकले होते, त्यामुळे आत बसलेला माणूस बाहेरून दिसत होता. तो पुढे गेल्यापासून शेवटपर्यंत तीन फेरारी मागे लागल्या होत्या. तो ३.६ सेकंदांनी जिंकला. ताकद कमी, तरी पुढे राहिलेला माणूस पुढेच राहतो, हे तेव्हाही तसंच होतं. फरक इतकाच की पुढच्या वळणावर गियर चुकू शकत होता, नळी पुन्हा तुटू शकत होती.

हेच दुसरं कारण: यंत्र आता चुकत नाही. हाताने गियर टाकायच्या काळात मोनॅकोच्या एका शर्यतीत दोन हजारांहून जास्त वेळा गियर बदलावा लागायचा, आणि त्यातला एक चुकला की मागच्याला फट. आता बोटाने पॅडल ओढायचं, चुकीचा गियर पडतच नाही. कार्बनचे ब्रेक इतके जोरदार की ब्रेक मारायचं अंतर आक्रसलं, आणि ओव्हरटेक बहुतेक त्या अंतरातच होतो. इंजिनंही मोडत नाहीत. १९८२मध्ये शेवटच्या तीन फेऱ्यांत आघाडीवरचे एकामागून एक आपटले, घसरले किंवा पेट्रोल संपून थांबले, आणि गिरकी खाऊन थांबलेला रिकार्डो पात्रेसे पुन्हा निघून जिंकला. जिंकल्याचं त्याला लगेच कळलंही नाही. १९९६मध्ये पावसात ऑलिव्हिए पॅनिस चौदाव्या जागेवरून जिंकला आणि शर्यत संपल्याचा चौकडीचा झेंडा चालत्या गाडीतून फक्त तिघांनी घेतला. असं आज व्हायला पाऊसच लागतो.

पावसावरून १९८४. सेन्ना तेव्हा नवखा, टोलमनसारखी दुबळी गाडी, आणि मुसळधार पावसात तो आघाडीवरच्या अलँ प्रॉस्टला फेरीमागे काही सेकंदांनी गाठत होता. ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवली. प्रॉस्ट विजयी, पण पाऊण शर्यतही झाली नाही म्हणून गुण निम्मे, नऊऐवजी साडेचार. वर्षअखेर त्याचं अजिंक्यपद निकी लाउडाकडे गेलं, फक्त अर्ध्या गुणाने. शर्यत पुरी होऊन तो दुसरा आला असता तरी त्याला सहा गुण मिळाले असते. झेंडा दाखवायचा की नाही यावर आमच्यात चर्चा होते तेव्हा हे उदाहरण कुणीतरी काढतोच. माझं मत विचाराल तर तेवढ्या पाण्यात मीही लाल झेंडाच मागितला असता.

तिसरं कारण नियमांचं, आणि २०२४चं थेट उत्तर त्यात आहे. पहिल्याच फेरीत चढावर पेरेझ आणि मॅग्नुसनचा मोठा अपघात झाला, लाल झेंडा. लाल झेंड्यात टायर बदलायला परवानगी आहे आणि तो बदल सक्तीच्या टायरबदलात धरला जातो. सगळ्यांनी तिथेच बदलून टाकले. आता पिटमध्ये यायचं कारणच उरलं नाही. उरलेली सगळी शर्यत त्याच टायरवर काढायची म्हणून शार्ल लेक्लेरने वेग मुद्दाम खाली ठेवला आणि मागचे मागेच राहिले. त्याचं घर त्याच रस्त्यांवरचं. २०२१मध्ये पोल, म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, मिळूनही शर्यत सुरू होण्याआधीच गाडी बिघडली होती, २०२२मध्ये पिटच्या डावपेचात शर्यत हातची गेली होती. १९३१च्या शिरॉननंतर घरच्या माणसाने मोनॅको जिंकण्याची ती पहिली वेळ. तुम्हाला कंटाळा आला त्या ७८ फेऱ्या मोनॅकोकरांनी श्वास रोखून पाहिल्या.

२०२५मध्ये उपाय म्हणून टायरचे किमान तीन संच वापरायची सक्ती केली. काय झालं? काही टीमनी एका गाडीने मुद्दाम हळू चालवून मागच्यांना अडवायचं आणि दुसरीला पिटसाठी मोकळी जागा करून द्यायची, असा डाव टाकला. वर्स्टॅपेनने दुसरा थांबा शेवटची फेरी लागेपर्यंत लांबवला, लाल झेंड्याची वाट बघत. आला नाही. लँडो नॉरिस जिंकला, आणि तो पोलवरूनच सुटला होता. त्याची शनिवारची फेरी १ मिनिट ९.९५४ सेकंदांची. मला विचाराल तर त्या वीकेंडची खरी शर्यत ती फेरीच. त्याच शनिवारी फॉर्म्युला टूच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या, छोट्या शर्यतीत बंगळुरूचा कुश मैनी जिंकला, मोनॅकोत जिंकलेला पहिला भारतीय. तिथेही गंमत ग्रिडची: छोट्या शर्यतीत क्वालिफाइंगमधले पहिले दहा उलटे लावतात, तो दहावा होता म्हणून पहिला सुटला. २०२२मध्ये आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला अशाच छोट्या शर्यतीत दुसरा आला होता.

इथवरचं दोन ओळींत: ओव्हरटेक तिथे सहज कधीच नव्हते, मोडतोड, चुका आणि थकवा यांतून शर्यत घडायची. गाडी मोठी आणि निर्दोष झाली, आणि तो सगळा ताण शनिवारच्या एका फेरीत जाऊन बसला.

आता मरीन ड्राइव्ह. ‘का नाही’ याचं उत्तर सरकार, पैसा आणि कुठल्या दर्जाची शर्यत यावर अवलंबून आहे. आपल्याकडे शहरात शर्यती झाल्याच आहेत. फेब्रुवारी २०२३मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, झाली, २.८३ किलोमीटरचा ट्रॅक. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरवर रात्री फॉर्म्युला फोरच्या, म्हणजे नवोदितांच्या पायरीच्या, गाड्या धावल्या. ती आधी डिसेंबर २०२३मध्ये व्हायची होती, चक्रीवादळामुळे पुढे गेली. तेव्हा अशक्य काही नाही. फॉर्म्युला वनची गोष्ट मात्र वेगळी. आजच्या मापाने मोनॅकोने नव्याने अर्ज केला तर तिलाही परवाना मिळणं कठीण. ती इतिहासाच्या जोरावर टिकून आहे. करार २०३५पर्यंत आहे.

काम काय असतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. आयोजकांच्या आकड्यांनुसार मोनॅकोत सुमारे ३३ किलोमीटर लोखंडी कठडे लागतात. उभारणी साधारण सहा आठवडे, उतरवणी तीन. एवढं करून रोज संध्याकाळी रस्ता लोकांना उघडायचा. गटाराची झाकणं हा वेगळाच विषय. या गाड्यांचा तळ हवा खेचून रस्त्याला चिकटतो, त्या ओढीने लोखंडी झाकणही उचललं जातं. २०१६मध्ये मोनॅकोतच सरावात पुढच्या गाडीने उचकटलेलं झाकण जेन्सन बटनच्या गाडीवर आदळलं. २०२३मध्ये लास वेगासला कार्लोस साइन्झच्या फेरारीचा तळ असाच फुटला. म्हणून प्रत्येक झाकण वेल्ड करायचं किंवा बोल्टने आवळायचं. आपल्याकडच्या शहरात हे काम मी रात्री होताना पाहिलंय: पुढे खडूने नंबर टाकणारा, मागे वेल्डर, त्यामागे हातोडीने ठोकून आवाज ऐकणारा. आवाज पोकळ आला की पुन्हा. आणि शर्यत संपली की सगळी वेल्डिंग तोडायचीही, नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता तुंबला म्हणून तुमच्या नावाने शिमगा.

गाडी आपटल्यावर ती उचलणं हा मोनॅकोच्या मार्शलांचा हातखंडा. कठड्यांत गाडी ढकलून न्यायला जागा जवळपास नाहीच, म्हणून वळणावळणाला क्रेन उभी. आजच्या हायब्रिड गाडीला हात लावण्याआधी तिच्यावरचा छोटा दिवा हिरवा आहे का ते बघायचं. लाल असेल तर वीज अंगावर यायची शक्यता, लांब राहायचं. ड्रायव्हर उतरला, स्टीअरिंग परत बसवलं, मग डोक्यामागच्या कमानीतून पट्टा ओवायचा, क्रेनच्या आकड्यात घालायचा, एकाने पुढचं टोक धरून गाडी फिरू द्यायची नाही, आणि वर. हे सगळं धोक्याचा पिवळा झेंडा फडकत असताना, पलीकडून गाड्या जात असताना. तिथली माणसं हे दोन-तीन मिनिटांत करतात, आणि वर्षानुवर्षं त्याच वळणावर तीच माणसं असतात. आपल्याकडे कठडे विकत मिळतील, क्रेनही भाड्याने येतील. अशी माणसं तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं शर्यत सलग व्हावी लागते, आणि आपल्याकडे एका वर्षी झालेली शर्यत पुढच्या वर्षी होईल याची खात्री नसते. हैदराबादची फॉर्म्युला ई एकदाच झाली.

मरीन ड्राइव्हची आणखी एक अडचण आकाराची आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इमारतींची सलग रांग, मध्ये दुभाजक, आणि सगळा रस्ता एकच लांबलचक बाक. जायचं एका बाजूने, टोकाला यू टर्न, यायचं दुसऱ्या बाजूने. दिसायला झकास, चालवायला कंटाळवाणं. चढ-उतार नाही. गिरगाव चौपाटीवरून वर केम्प्स कॉर्नर आणि मलबार हिलकडे नेलात तर ट्रॅक म्हणून भारी होईल, पण दक्षिण मुंबईतली इस्पितळं, कोस्टल रोडची वाहतूक आणि त्या टेकडीवर राहणारी मंडळी बघता फाइल कुठल्या टेबलावर थांबेल ते तुम्हीच ओळखा. मला विचाराल तर बीकेसी किंवा नवी मुंबईच्या रुंद रस्त्यांवर फॉर्म्युला फोरच्या दर्जाची शर्यत जास्त शहाणपणाची.

आणि बसायचं कुठे. मोनॅकोत हॉटेल परवडणार नाही, नीसला राहा. तिथून लोकल ट्रेन पाऊण तासाच्या आत पोचवते. राजवाड्याखालच्या टेकडीवर, रोशे म्हणतात त्या जागी, स्वस्त तिकीट मिळतं. खालचा रास्कास या वळणाचा कोपरा दिसतो, पण पहाटे जाऊन जागा धरावी लागते. पैसे असतील तर ताबाक ते तलाव या पट्ट्यातला के स्टँड घ्या. तलावाच्या पहिल्या डाव्या-उजव्या वळणात आतल्या कठड्याकडे नजर ठेवा: सरावाच्या सुरुवातीला गाडी आणि कठडा यांत हातभर अंतर असतं, क्वालिफाइंगच्या शेवटच्या पाच मिनिटांत टायरच्या बाजूने रंग खरवडलेला दिसतो. रविवारचं तिकीट शनिवारपेक्षा खूपच महाग असतं. एकाच दिवसाचे पैसे असतील तर शनिवार घ्या, आणि रविवारची शर्यत नीसच्या एखाद्या कॅफेत टीव्हीवर बघा.